एकास सत्त्याऐंशी

मिरज हे एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो या तिन्ही गेजांच्या गाड्यांचे जंक्शन होते, आणि घरातल्या रिकाम्या खोलीत सांगलीहून विश्रामबागेवरून मिरजेला जाणारा मार्ग छोट्या रूपात उभारू पाहणाऱ्याला पहिला पेच पडतो तो रुळांच्या मापांचाच. 'एचओ' या रूढ प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची असते आणि तयार रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून ठरलेले असल्यामुळे १६७६ मिलिमीटरच्या भारतीय ब्रॉडगेजला ते जवळजवळ तीन मिलिमीटर अपुरे पडते. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेने मिरजेपर्यंत आणलेली ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज मात्र ९ मिलिमीटरच्या तयार रुळांवर बहुतांशी चपखल बसते. म्हणजे जी गाडी आता धावत नाही तीच खोलीत खरी उतरते, आणि जी विश्रामबागेतून रोज जाते तिला तडजोड करावी लागते.

रुळांखालच्या खडीसाठी दगडाची बारीक कच चहाच्या गाळणीतून चाळून पसरतात, ब्रशने सारखी करतात आणि तिच्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने थेंबथेंब सोडतात, कारण ६५ मिलिमीटरचा खडा या प्रमाणात पाऊण मिलिमीटरचा होतो. खड्याचे माप इतक्या निष्ठेने राखणारा हाच कारागीर मधले अख्खे शिवार मात्र वगळतो, कारण सांगली-मिरजेचे सात-आठ किलोमीटर अंतर या हिशेबाने ऐंशी-नव्वद मीटर भरते आणि घरातली भिंत चार मीटरांवर संपते.

ही दुधाची तहान ताकावर भागवणे झाले, असे कोणी म्हणेल. पण या म्हणीत तहानलेल्याने दूध चाखलेले आहे असे गृहीत धरले आहे, आणि नॅरोगेज बंद झाल्यानंतर जन्मलेल्याच्या बाबतीत ते गृहीत टिकत नाही. शिवाय ताक म्हणजे केवळ पातळ केलेले दूध नव्हे. त्याला विरजण लागते, घुसळण लागते, आणि लोणी काढून घेतल्यावर जे उरते ते ताक. मग खोलीतल्या रेल्वेतून काय काढून घेतले गेले आणि ते कोणाकडे राहिले, हा प्रश्न म्हणीच्या अपेक्षेबाहेर जातो.

दिवाळीत अंगणात उभा राहणारा किल्ला या विचारात आणखी अडचण आणतो. दगड, विटा, पोती आणि माती यांच्या त्या डोंगरावर मावळा बुरुजाएवढा असतो, सिंहासनावरचे महाराज महादरवाजातून आत जाऊ शकणार नाहीत एवढे मोठे असतात, आठवडाभर आधी पेरलेल्या अळिवाचे कोंब तटाच्या वर येतात, तरीही तो किल्ला चुकला असे कोणालाही वाटत नाही, कारण तिथे आकार मापाने नव्हे तर मानाने ठरतो. रेल्वेला हे स्वातंत्र्य का मिळत नाही? दिवाळी सरली की किल्ला मोडतात आणि पुढच्या वर्षी नवा बांधतात, तर खोलीतली रेल्वे टिकावी म्हणून बांधलेली असते. त्यामुळे जे टिकवायचे त्याच्याकडूनच मापाची अचूकता मागितली जाते, असे म्हणता येईल. परंतु टिकण्यासाठीच टाकलेले मूळ नॅरोगेजचे रूळ उखडले गेले आणि दरवर्षी मोडणारा किल्ला पिढ्यान्‌पिढ्या राहिला, हे ध्यानात घेतले की तो तर्कही डळमळतो, आणि ब्रॉडगेजचे रूळ हाताने १९ मिलिमीटरवर बसवण्याचा खटाटोप करावा की तयार रूळच स्वीकारावेत, याचा निर्णय आधीपेक्षा अवघड होऊन बसतो.