रांग एकच लाव

चि. सोनू,


प्रॉडक्ट ओनर झालीस, फार आनंद झाला. पण टीम पुणे, म्युनिक आणि बोस्टनमध्ये विखुरलेली, बॅकलॉगमध्ये चारशे तिकिटं आणि त्यातली निम्मी ‘हाय प्रायॉरिटी’, हे वाचून लगेच लिहायला बसले.

निम्मी कामं तातडीची असतील तर एकही तातडीचं नाही. ती लेबलं काढून टाक आणि एकाखाली एक रांग लाव. पहिल्या जागेवर दोन कामं बसत नाहीत, म्हणून निवड करावीच लागते. श्वेबर आणि सदरलँड यांनी स्क्रम गाइडमध्ये ही जबाबदारी समितीकडे न देता एकाच व्यक्तीकडे दिली आहे. म्युनिकच्या सेल्सचं ऐक, बोस्टनच्या मॅनेजरचं ऐक, दोघांना कारणं विचार. रांग मात्र तूच लाव.

आठवड्याला दहा तिकिटं संपत असतील तर चारशेंना चाळीस आठवडे लागतील, आणि तोवर नवी येतच राहतील. शेवटची बरीचशी कधीच होणार नाहीत. ती ठेवून मागणाऱ्याला आशेवर ठेवू नकोस. सहा महिने कुणी हात न लावलेली बंद कर आणि मागणाऱ्याला तसं कळव. गरज खरी असेल तर तो पुन्हा येईल.

आता विखुरलेल्या टीमचं खरं दुखणं. पुण्यातली मुलगी सकाळी दहाला तिकीट उघडते तेव्हा बोस्टनमध्ये मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते. तिला ‘रिपोर्ट स्लो आहे, फिक्स करा’ एवढंच दिसलं तर कोणता रिपोर्ट, कुणाचं अडतंय, किती सेकंदात उघडला म्हणजे काम झालं, हे ती विचारणार कुणाला? दिवस वाया जातो, नाहीतर अंदाजाने भलतंच काम होतं. म्हणून वरच्या पंधरा-वीस तिकिटांवर हे सगळं लिही. ते काम इतकं वर का आहे, तेही लिही. खालच्यांना एक ओळ पुरे. क्रम बदललास तर कारण तिकिटावरच नोंदव, कारण कॉलवर बोललेलं कॉलला नसलेल्यांपर्यंत पोचत नाही.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हिवाळ्यात म्युनिक-बोस्टनची घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत. बोस्टनचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात साडेसहाऐवजी साडेसात. त्या वेळी घरी लहान मूल असलेली मुलगी रिफाइनमेंटच्या मीटिंगला हजर असते, पण बोलत नाही. जुना कोड दुरुस्त करायला हवा, टेस्ट अपुऱ्या आहेत, हे तिला माहीत असतं, आणि नेमकी हीच कामं वर्षानुवर्षं रांगेच्या तळाशी राहतात. तेव्हा हिवाळ्यात मीटिंग बोस्टनच्या सकाळी सातला ठेव. म्युनिकमध्ये दुपारचा एक, पुण्यात साडेपाच होतील. पुण्याच्या मुलींना आधी बोलू दे. बोस्टनकडे ही मागणी तूच कर, त्या स्वतःहून करणार नाहीत.

तुझी,
मावशी