यजमानांचा एकच कागद

माझ्या उपचारांचे दप्तर चाळले की अजूनही संताप अनावर होतो. कारण नलिकांची क्ष-किरण तपासणी, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे तपशील असे माझ्या देहाचे दाखले त्यात खच्चून भरलेले असताना यजमानांचा कागद मात्र एकच आहे, आणि त्यावर 'नॉर्मल' हा शेरा पडल्यावर कोणत्याही डॉक्टरांनी त्यांना पुढे काही विचारण्याची तसदी घेतली नाही. टेस्ट ट्यूबचे उपचार फसत गेले आणि दर वेळी 'तुमची बीजेच निकृष्ट' हा निवाडा, माझा जबाब न घेताच, माझ्यावर मुक्रर झाला.

पुढे पुण्याच्या एका वृद्ध डॉक्टरांनी, यजमान कोल्हापुरात फाउंड्रीच्या भट्टीवर काम करतात आणि तंबाखू खातात हे ऐकताच, तो कागद पुन्हा काढावयास लावला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची किमान मर्यादा, मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू, त्यांत ४२ टक्के हालते आणि सुघड आकाराचे अवघे ४ टक्के, ही यजमानांनी ओलांडली होती खरी. परंतु शुक्राणूच्या डोक्यातील डीएनएचा धागा तुटका आहे की अखंड, हे त्या मोजणीत दिसतच नाही. फलनानंतर पहिले दोन-तीन दिवस गर्भ मुख्यतः स्त्रीबीजाच्या शिदोरीवर वाढतो आणि त्यानंतर पित्याकडील जनुके खऱ्या अर्थाने कामास लागतात, असे त्यांनी सांगितले, तेव्हा तिसऱ्या दिवशी सुरेख असलेले आमचे गर्भ पाचव्या दिवसापूर्वीच का थबकत असतील, याचा मला प्रथमच काही उलगडा झाला. टेस्ट ट्यूबच्या इक्सी या पद्धतीत सुईने एकेक शुक्राणू बीजात सोडतात. पण नेमका कोणता सोडायचा हे डोळ्यांनीच ठरते, आणि आतला धागा डोळ्यांना दिसत नाही.

त्या धाग्यांची तपासणी केली, तेव्हा ते तुटल्याचे प्रमाण फार निघाले. शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तेवढा काळ थांबून, तंबाखू सोडवून आणि भट्टीवरून कोठीत बदली मागून घेऊन आम्ही पुन्हा उपचारास बसलो, आणि या खेपेस गर्भ पाचव्या दिवसापर्यंत पोहोचले. हे त्या उपायांचेच फळ, असे डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. बीजही काही तुटलेले धागे सांधते, असे ते म्हणाले. तरीही पहिले इंजेक्शन टोचून घेण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीने नवऱ्याच्या पुऱ्या तपासणीचा आग्रह धरावाच, असे माझे ठाम मत आहे.

मुलगी झाल्यावर सासूबाईंनी विचारले, "दोष नेमका कुणात होता गं?" ज्या न्यायासाठी मी इतकी वर्षे जळत होते, तो मागण्याची वेळ समोर उभी असताना मी म्हणाले, "माझ्यातच होता, आई", आणि तसे का म्हणाले, ते यजमानांनी पुष्कळदा विचारूनही मला सांगता आलेले नाही.