चेनची ढील

मोटारसायकलची चेन ताठ बसवायची नसते. तिला ढील लागते, आणि ती किती हे बोटांना कळावे लागते. आपल्या रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना मधोमध, वर-खाली मिळून, साधारण 20 ते 30 मिलिमीटर. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, चेन कव्हरचे रबरी बूच काढायचे, बोट आत घालून चेन उचलायची आणि सोडायची. मग चाक थोडे फिरवून पुन्हा उचलायची. हे पुन्हा पुन्हा करणे महत्त्वाचे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाकाच्या एका फेऱ्यात ती कुठे सैल लागते, कुठे ताठ. माप घ्यायचे ते तिच्या सर्वांत ताठ जागी. सैल जागा बघून चेन ओढून घेतली, तर ताठ जागा आली की ती कण्हायला लागते.

ढील का लागते, हे कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर नीट समजते. पहाटे दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून संकलन केंद्राकडे निघालेली गाडी बघा, किंवा संध्याकाळी वैरणीच्या भाऱ्याखाली दिसेनाशी झालेली. मागचे चाक स्विंगआर्मवर बसलेले असते. त्या आर्मचा सांधा एका ठिकाणी आणि इंजिनाचे छोटे स्प्रॉकेट त्याच्या थोडे पुढे. त्यामुळे चाक वर-खाली झाले की दोन स्प्रॉकेटमधले अंतर बदलते. छोटे स्प्रॉकेट, सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होते. भरल्या कॅननी शॉकअप दाबलेले, त्यात खड्डा आला, आणि त्या क्षणी चेनजवळ द्यायला काही नसले, तर तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो. म्हणून इकडचे जाणते दूधवाले चेन ओढून झाली की गाडीवर माणूस बसवून ढील पुन्हा बघतात. मला ही पद्धत पुस्तिकेतल्या आकड्याहूनही भरवशाची वाटते.

आणि चेन सैल होते तरी कशी? तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. 1880 साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने बुश आणि रोलर असलेली चेन केली. आज आपल्या गाडीखाली फिरते ती रचनेने तीच आहे. बाहेर रोलर, आत बुश, बुशमध्ये पिन. झीज होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये, जिथे आपल्याला दिसत नाही आणि बरेचदा तेलही पोहोचत नाही. एकेका सांध्यात कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे 0.1 मिलिमीटर झीज धरली, तरी शंभर कड्यांत पूर्ण एक सेंटिमीटर होतो. पावसाळ्यातला चिखल हे काम झपाट्याने करतो. दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेआधी गाड्या धुवायला निघतात, तेव्हा चेन कव्हर खोलले की आत लाल मातीचा, काळ्या ग्रीसमध्ये मुरलेला जाड लगदा निघतो. तो बोटांत चोळून पाहा. त्यातली कचकच म्हणजे पॉलिश पेपर, आणि चेन महिनोन्महिने त्यातून फिरत असते.

चेन ओढून घेणे हे काम सांगायला सोपे. अ‍ॅक्सलचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे, चाक मागे सरकते. खरे काम आहे ते त्या पहिल्या नटाशी. दोन-तीन पावसाळे न उघडलेला अ‍ॅक्सलचा नट म्हणजे वेगळाच स्वभाव असतो. लोखंडाचा गंज होताना त्याचे आकारमान दुपटीहून जास्त वाढते, आणि आट्यांमध्ये वाढायला जागा तर नसतेच. जून-जुलैत दार चौकटीत फुगून बसते, तसा नट बसतो.

अशा वेळी हातात पहिला फिक्स पाना येतो, आणि तोच टाळायला हवा. तो नटाच्या दोनच बाजू धरतो, जोर लागला की तोंड किंचित उघडते आणि नटाचे कोपरे जातात. एकदा नट गोल झाला की छन्नीशिवाय इलाज नाही. सहा कोनांची गोटी नटाला सहाही बाजूंनी धरते. ती हातोडीने हलकेच ठोकून शेवटपर्यंत बसवायची. त्याआधी आटे तारेच्या ब्रशने घासायचे, रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडे ऑइल घालून ते नटाच्या कडेने सोडायचे, आणि थांबायचे. आमच्या इथल्या मिस्त्रींनी एकदा माझ्या हातातला, पान्याला लावायचा पाइप काढून घेत सांगितले होते, “सर, दांडगाई करू नका ओ. त्याला रातभर भिजू द्या. सकाळी आपणहून ऐकतोय बघा.”

सकाळी नटाच्या सहाही बाजूंना हातोडीचे लहान लहान टोले द्यायचे. त्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरते. मग एक उलटी गोष्ट करायची. नट आधी किंचित आवळायचा, केसभर, आणि मग सोडायचा. गंजाची पकड बहुतेक वेळा त्या आवळण्याकडे सुटते. तळहाताला आधी कळते, मागून आवाज येतो, कोरडा ‘टक्’. तो पाना घसरल्याच्या आवाजाहून वेगळा असतो, आणि ज्याने दोन्ही ऐकलेत त्याची त्यात गफलत होत नाही. एवढ्यावरही नट हलला नाही, तर पान्याला पाइप. पाना दुप्पट लांब केला की त्याच हाताचा जोर दुप्पट होतो. उष्णतेचाही उपाय आहे. 14 मिलिमीटर भोकाचा पोलादी नट 200 अंशांनी तापवला, तर भोक 0.03 मिलिमीटरने मोठे होते आणि तेवढे पुरते. पण शेजारी टायर, रबर आणि बेअरिंगचे ग्रीस असताना अ‍ॅक्सलवर ज्योत धरणे मला कधीच मान्य नाही.

हट्टी नटावर लोक चिडतात, त्याला शिव्या घालतात. मला तसे करवत नाही. आपण नट आवळतो तेव्हा लावलेल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, काही नटाच्या बैठकीखाली, काही आट्यांमध्ये. उरलेल्या दहाव्या हिश्शाने अ‍ॅक्सल किंचित ताणला जातो, आणि त्या ताणलेल्या पोलादाच्या आखडण्यानेच चाक जागेवर राहते. ते घर्षण नसते तर ऐंशीच्या वेगात, मागे बायको-पोर बसलेले असताना, नट आपोआप उलटा फिरत गेला असता. पान्याला नाही म्हणणारा हा नट इतकी वर्षे गाडीच्या कंपनांनाही नाही म्हणत आला आहे.

नट सुटला की बाकीचे भराभर होते. काही गाड्यांना स्प्रॉकेटच्या बाजूला वेगळा स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो. नाहीतर अ‍ॅडजस्टर फिरत राहतो आणि चाक हलत नाही. दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या तरी मागून वाकून चेन दात्यांवर सरळ चढते का, हे बघावे. डोळा खुणांपेक्षा खरा. चाक मागे सरकल्याने ड्रम ब्रेकचा रॉड ओढला जातो, म्हणून त्याचा नट थोडा सोडायचा. अ‍ॅक्सल आवळून झाला की ढील पुन्हा मोजायची, कारण आवळतानाही ती बदलते.

आवळण्याआधी मात्र आट्यांना थोडे ग्रीस लावतो. हा नट पुढच्या वेळी मीच खोलेन असे नाही. गगनबावड्याच्या घाटात, पावसात, एखाद्या पंक्चरवाल्या पोराला तो आखूड पान्याने काढावा लागेल. ग्रीसच्या आट्यांवर तेवढ्याच जोराने नट जास्त आवळला जातो, त्यामुळे हात नेहमीपेक्षा जरा आधी थांबवायचा. गॅरेजमधली हवेची गन इथे नको. ती खोलायला उत्तम, आवळताना तिला हे थांबणे कळत नाही. आणि जिथे स्प्लिट पिन असेल तिथे नवी घालायची. जुनी सरळ करून पुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी तुटते.