मागच्या दाराने आलेली माणसं

2008 साली मी लंडनला ऑनसाईट होतो. ईस्ट हॅममध्ये भाड्याचं घर, तिघं रूममेट. त्यातला एक सोलापूरचा. दाढी राखलेला, नमाज न चुकवणारा आणि घरून आलेली शेंगाची चटणी कपाटात लपवून ठेवणारा. एका संध्याकाळी ट्यूब स्टेशनवर पोलिसांनी तिघांतून फक्त त्याला बाजूला घेतलं. बॅग उघडली, लॅपटॉप पाहिला, दहा मिनिटांनी सोडलं. बोलले अगदी सभ्यपणे. हा घरी येईपर्यंत गप्प. मग जेवताना म्हणाला, "आज दहा मिनिटं होती रे. बेचाळीस दिवस ठेवलं तर आईला काय सांगायचं?"

बेचाळीस दिवसांचा विषय तेव्हा रोज पेपरात होता. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या माणसाला आरोप न ठेवता 28 दिवस कोठडीत ठेवता यायचं. गॉर्डन ब्राउनच्या सरकारला त्याचे 42 करायचे होते. जूनमध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने, ते 315 विरुद्ध 306 मतांनी पास केलं. फरक नऊ मतांचा!

मग विधेयक गेलं हाऊस ऑफ लॉर्ड्सकडे. मी नागरिकशास्त्रात काठावर पास झालेला माणूस. राज्यसभा ठाऊक होती, तिथे निदान आमदार तरी मतं देतात. इथे एकालाही जनतेने निवडून दिलेलं नाही. बहुतेक सगळे तहहयात नेमलेले, 26 चर्चचे बिशप, आणि 1999 च्या सुधारणेनंतर उरलेले 92 तर खानदानी लॉर्ड. आपल्याकडे एखादा विधान परिषदेत गेला की 'मागच्या दाराने आला' म्हणून नाकं मुरडतात. इथे अख्खं सभागृहच मागच्या दाराने आलेलं.

जुलैमध्ये तिथे एलायझा मॅनिंगहॅम-बुलर या बाईंनी पहिलं भाषण केलं. या 2007 पर्यंत एमआयफाइव्ह या गुप्तचर संस्थेच्या प्रमुख. दहशतवादी शोधणं हेच ज्यांचं काम होतं, त्यांनीच सांगितलं की हे तत्त्वातही बसत नाही आणि व्यवहारातही. त्यांना कुठल्या मतदारसंघात तोंड दाखवायचं नव्हतं. 13 ऑक्टोबरला लॉर्ड्सनी 42 दिवसांचं कलम 309 विरुद्ध 118 मतांनी फेटाळलं. त्याच संध्याकाळी सरकारने नाद सोडला. आमच्या घरी शेंगाची चटणी कपाटातून बाहेर आली.

आनंद झाला खरा, पण जरा लाजही वाटली. लोकशाहीच्या बाता मारणारा मी, टाळ्या कुणासाठी वाजवत होतो? याच सभागृहाने 1893 मध्ये आयर्लंडच्या होमरूलचं विधेयक 419 विरुद्ध 41 मतांनी उडवलं होतं. 1909 मध्ये लॉइड जॉर्जने श्रीमंतांवर आणि जमिनींवर कर बसवणारं बजेट आणलं, तेही जमीनदारांच्या या सभेने फेटाळलं. त्यापायी 1910 मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि 1911 मध्ये कायदा करून लॉर्ड्सचे पंख छाटले. पैशाचं विधेयक फार तर महिनाभर अडवायचं, बाकीची दोन वर्षं. 1949 मध्ये त्या दोनाचं साधारण एक झालं.

म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा रिव्ह्यूअर, जो रिलीज लांबवू शकतो, पण कायमचं अडवू शकत नाही. मग सरकारने 42 दिवस रेटून का नाही नेले? रेटता येतं, 2004 मध्ये कुत्री लावून कोल्ह्यांची शिकार करण्यावरची बंदी लॉर्ड्सना डावलूनच पास झाली. पण तिच्यामागे कॉमन्समध्ये भरभक्कम बहुमत होतं. नऊ मतांनी तरलेली गोष्ट वर्षभर पुन्हा पुन्हा लोकांना समजावून सांगायची हिंमत कुणात नव्हती. मला वाटतं, वरच्या सभागृहाची खरी ताकद एवढीच. 'नाही' म्हणायचं नाही, 'थांबा, परत सांगा' म्हणायचं. कायद्यात दम असेल तर तो वर्षभर थांबूनही टिकतो.

तरी खटकतं ते खटकतंच. खानदानी मंडळींना काढणारं विधेयक 2024 मध्ये आलं, छान झालं. पण नेमणुकांची यादी मुख्यतः पंतप्रधानच ठरवणार असेल, तर उद्या 'थांबा' म्हणणारी माणसं तिथे असतीलच याची खात्री काय? आणि निवडणूक घेतली, तर तेच पक्ष, तोच व्हिप. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

असो. पुढे 2011 मध्ये ती मुदत 28 वरून 14 दिवसांवर आली. परवा त्या रूममेटशी फोनवर हे सगळं बोललो. लॉर्ड्सनी काय केलं होतं, ते त्याला धड आठवतही नव्हतं. स्टेशनवरची ती दहा मिनिटं मात्र त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.