आधी पाखाडी मोजा, मग टिलर घ्या

कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून साखरप्याला आलात, की गाडीतून खाली उतरा आणि काजळी नदीच्या खोऱ्यातली एखादी वाडी पायी हिंडून पाहा. नदीकाठी मळ्याची सपाट जमीन, तिच्या वर उतारावर पायऱ्यांसारखी भाताची खाचरे आणि माथ्यावर उघडा कातळ. एकेक खाचर दोन-चार गुंठ्यांचे. बांध कुठे गुडघ्याएवढा, कुठे कमरेएवढा. शेतापर्यंत गाडीरस्ता क्वचितच. जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची अरुंद वाट असते, तिला इकडे पाखाडी म्हणतात.

या खाचरांत पूर्वी बैलांचे जोत चाले. आता थोड्या दिवसांच्या कामासाठी बारा महिने जोडी पोसणे अनेकांना परवडत नाही. तरुण मुले मुंबईला. शेत बायकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या अंगावर. जोत गेले आणि यंत्रही जमले नाही, तर खाचर पड राहते, बांध ढासळतो, रान माजते. म्हणून टिलरची निवड घरातल्या सर्वांनी बसून करावी.

यंत्राचा फायदा मोठा आहे. नांगराचा तास 15 सेंटिमीटर धरला, तर एक एकर एकदा नांगरायला माणूस 27 किलोमीटर चालतो. 60 सेंटिमीटरच्या रोटरीमागे 7 किलोमीटरही होत नाहीत. पण यंत्र शेतात पोहोचले तरच हे गणित खरे!

12-13 अश्वशक्तीचा डिझेल टिलर 400 ते 500 किलो वजनाचा असतो. मळ्याच्या सलग जमिनीत, लोखंडी चाके लावून चिखलणीला तो उत्तम. मात्र कमरेएवढ्या बांधावर तो चढवणार कोण? तिथे 5-7 अश्वशक्तीचे लहान पेट्रोल यंत्र बरे. ते दोन-तीन माणसे उचलून वरच्या खाचरात ठेवतात. त्याची खोली कमी, फेऱ्या जास्त. पण काम होते.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोरी घ्या. पाखाडीची सर्वांत अरुंद जागा आणि सर्वांत उंच बांध मोजा. रोटरीची रुंदी म्हणजे यंत्राची रुंदी नव्हे. पूर्ण रुंदी आणि वजन विक्रेत्याकडून लिहून घ्या. मग यंत्र आपल्याच शेतात, ओल्या मातीत चालवून दाखवायला सांगा. जी व्यक्ती रोज चालवणार तिच्याच हाती मुठी द्या. घरची बाई चालवणार असेल, तर तिला कोपऱ्यात वळवता येते का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रोटरीची पाती आणि पट्टा जवळच्या गावी मिळतो का, तेही विचारा. दगडाळ जमिनीत पाती लवकर झिजतात.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. मागे घेताना रोटरी आधी बंद करा, पाय सापडतो. आणि बाजूच्या क्लचवर वळणारा मोठा टिलर उतारावरून खाली येताना उलटा वागतो. डावा क्लच दाबला तर तो उजवीकडे वळतो. नवख्याला उतारावर एकटे सोडू नका.

वीस गुंठ्यांसाठी स्वतंत्र मोठे यंत्र घेऊन अंगणात गंजवू नका. चार-पाच घरांनी मिळून घ्या. मात्र पाऊस लागला की सर्वांना ते एकदमच हवे असते. तेव्हा पाळी, डिझेल आणि दुरुस्तीचा वाटा आधीच कागदावर लिहा. रोपे एकदम न टाकता चार दिवसांच्या अंतराने टाकली, तर लावणीची पाळीही आपोआप लागते.

अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करा आणि पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करा. शेजारच्याने मोठा टिलर घेतला म्हणून आपण घेऊ नये. त्याची जमीन मळ्यात असेल, आपली पाखाडीच्या वर आहे.