खिडकी मीच चिणली होती

माझ्या दवाखान्यात मागच्या बाजूला सलाईनची खोली आहे. चार खाटा, चार स्टँड. त्या खोलीला पूर्वी एक खिडकी होती. २०१२ साली मी ती विटा लावून बंद करून घेतली. कारण साधं होतं. किन्हीराजा हे नागपूर–संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. दिवसभर ट्रक धावतात, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर खाटेवरच्या चादरीवर बोटानं नाव लिहावं इतका भुसा आणि धूळ. शिवाय त्याच वर्षी एसी बसवला होता. खिडकीच्या फटीतून गारवा निसटायचा, बिल मात्र पूर्ण यायचं. गवंड्यानं अर्ध्या दिवसात काम उरकलं आणि पैसे घेताना म्हणाला, "डाक्टरसायेब, खोली आता डब्यावानी झाली पाहा." मला ती तारीफ वाटली.

मी बीएएमएस. गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत लोक मला ओळखतात ते दोन गोष्टींसाठी: रात्री उठवलं तरी चिडत नाही, आणि सलाईन चांगली लावतो. हे दुसरं कौतुक मी बरीच वर्षं मिरवलं. आज लिहायला बसलोय ते त्या कौतुकाबद्दल आणि त्या खिडकीबद्दल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलच्या सुरुवातीला वाशीम जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण आमच्याच मालेगाव तालुक्यात, मेडशीला सापडला आणि सगळ्या पट्ट्यात धसका बसला. शहरातल्या अनेकांनी शटर खाली ओढली होती. मी दवाखाना उघडा ठेवला, याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे. पण उघडा ठेवला म्हणजे काय केलं, ते ऐका.

रोज सकाळी कंपाउंडर लिटरला तीस ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून पाणी तयार करायचा. त्यानं बाकडी, दाराची कडी, काउंटर, टेबल, खाटांचे गज, सगळं पुसून निघायचं. रुग्णानं दिलेली नोट आम्ही चिमट्यानं धरून वेगळ्या डब्यात टाकायचो. टेबलासमोर मी छतापासून प्लास्टिकचा जाड पडदा सोडला. गर्दी घुसू नये म्हणून शटर अर्धं खाली, आणि पुढचं काचेचं दार लावलेलं. दवाखान्यात शिरलं की डोळे चुरचुरायचे. लोक म्हणायचे, "साहेबांकडं लय स्वच्छता हाये." मलाही वाटायचं की हा वास म्हणजेच सुरक्षितता.

२८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं होतं की हा रोग हवेतून पसरत नाही. खोकताना-शिंकताना उडणारे थेंब जड असतात, ते खाली पडतात. मग खाली पडलेलं पुसायचं, एवढंच आपलं काम. हा आधार पुढे मी स्वतःला अनेकदा दिला. तो पुरा खरा नव्हता, ते नंतर सांगतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई हातात पल्स ऑक्सिमीटर आणि तापमान मोजायची बंदूक घेऊन घरोघर फिरायच्या. आमच्या गल्लीत आलेल्या ताई कुणाच्याच घरात शिरत नव्हत्या. माणसाला अंगणात बोलवायच्या, हात लांब करून बोटाला यंत्र लावायच्या, आकडा वहीत लिहायच्या आणि पुढच्या दाराशी. मी गमतीनं म्हटलं, "ताई, घाबरता की काय? आत बसा, चहा घ्या." त्या म्हणाल्या, "नाही सर, अंगणातच बरं हाये मले." मी हसलो. हातमोजे घालून, पडद्यामागे, बंद खोलीत बसणारा मी त्या बाईला भित्री समजत होतो.

त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या कंपाउंडरला ताप आला. चार दिवसांनी मला. आमच्या दोघांच्याही हातांची सालं निघाली होती, इतके ते धुतले होते. मी घरीच बरा झालो, तो दहा दिवस वाशीमला राहून आला. पण त्याच आठवड्यात शेजारच्या गावचे एक काका पॉझिटिव्ह निघाले. अंगात कसकस आहे म्हणून ते माझ्याकडे सलाईन लावून गेले होते. त्यांच्या बाजूच्या खाटेवर कोण होतं, ते मला आठवत होतं. त्याला कोरडा खोकला होता. काकांना लागण माझ्या खोलीतच झाली, हे सिद्ध करता येणार नाही. झाली नाही, हेही करता येणार नाही. ते वाचले. भेटले की आजही रामराम करतात, आणि मला नीट मान वर करता येत नाही.

घरी पडल्या पडल्या मी मोबाइलवर वाचत होतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाची हकिगत वाचली. १० मार्च २०२० ला एकसष्ट जणांनी अडीच तास सराव केला आणि त्यातले त्रेपन्न आजारी पडले, दोघं गेले. त्रेपन्न जणांनी एकच कडी धरली असेल, हे पटेना. जुलैत दोनशेएकोणचाळीस शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला उद्देशून उघड पत्र लिहिलं होतं: श्वासातून, बोलण्यातून इतके बारीक कण निघतात की ते धुरासारखे तरंगत राहतात, हवेकडे बघा.

धुरासारखे, या शब्दावर मी अडकलो. बरा होऊन आल्यावर पहिल्याच दुपारी सलाईनच्या खोलीत गेलो, दार लावलं, एसी चालू केला आणि पहिल्या खाटेच्या उशाशी उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, एसीच्या झोतात सापडला, समोरच्या भिंतीवर आदळून खाली वळला आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खाटेवरून फिरून परत आला. एसी बाहेरची हवा आत घेत नव्हता. आतलीच गार करून वाढत होता. उदबत्ती संपल्यावरही बराच वेळ ट्यूबलाइटभोवती निळसर थर तसाच होता. मग तीच उदबत्ती दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली लावली. धूर कुठं गेला ते दिसलंसुद्धा नाही. पुढे पडद्याजवळ लावली, तर प्लास्टिकमागे, माझ्या खुर्चीच्या बाजूला, तो साचून राहिला. कंपाउंडर दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "साहेब, पूजा कशाची?"

दुसऱ्या दिवशी पडदा काढला, शटर पूर्ण वर केलं, बाकडी कडुनिंबाखाली नेली. ताप-खोकल्याचा रुग्ण तिथंच तपासायचा, नाकावर मास्क नीट बसवून. इतकं मी लगेच केलं. सलाईनची खोली मात्र तशीच ठेवली. दार उघडं टाकलं, दोनच खाटा वापरल्या, आणि मनाला समजावलं की एवढं पुरे.

ती का ठेवली, याचं उत्तर गल्ल्यात आहे. तपासणीला माझ्याकडे चार मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे थोडे. सलाईनला तास-दीड तास लागतो, पैसे कितीतरी जास्त. अर्ध्या लिटरच्या त्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या, पोटात काही न ठरणाऱ्या माणसाला ती जीव देते. पण 'कसकस आहे', 'चक्कर येते', 'गळून गेल्यासारखं वाटतं' म्हणून येणाऱ्या दहांतल्या आठांना जलसंजीवनीची पुडी किंवा घरचं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चाललं असतं. हे मला ठाऊक होतं. लोकांना सलाईन हवी असते, नाही दिली तर ते दुसरीकडे जातात, हे माझं उत्तर होतं. साथीच्या दिवसांत मात्र त्या सवयीचा अर्थ बदलला होता. घरी पडून राहायला हवं अशा माणसाला मी अनोळखी आजाऱ्यांच्या शेजारी, बंद खोलीत, सुईनं बांधून तासभर झोपवत होतो. आजार द्यायची याहून पक्की सोय कुणी मुद्दाम ठरवूनही केली नसती.

मन पुरतं वळलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. अमरावती-अकोल्याकडून दुसरी लाट आमच्याकडे सरकत होती. महिनाअखेरीस बातमी आली: रिसोड तालुक्यातल्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी पॉझिटिव्ह. तरणी, निरोगी मुलं. रात्रभर एका छताखाली झोपलेली. मला तिथल्या खाटा दिसल्या नाहीत, माझ्या चार दिसल्या. त्या संध्याकाळी सलाईनची खोली बंद केली आणि गवंड्याला निरोप धाडला.

आला तो तोच. घणाचे घाव घालता घालता म्हणाला, "मी तवाच सांगतलं होतं ना, डबा झाला म्हणून." नऊ वर्षं मी ज्याला शाबासकी समजत होतो, ती त्या माणसानं दिलेली सूचना होती.

त्या खिडकीत एप्रिलच्या आधी आम्ही जुना कूलर बसवला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दवाखाना उघडा ठेवायचा तर गारव्याशिवाय चालत नाही. कूलर मात्र एसीसारखा नाही; तो बाहेरची हवा ओढून आत फेकतो. अट एवढीच की त्याची पाठ बाहेर हवी आणि समोरचं दार उघडं हवं. खोलीच्या मध्ये ठेवला तर तोही आतलंच घुसळतो. भंगारात निघालेला कूलर या कामी महागड्या यंत्राला भारी पडला. पुढे वाचनात आलं, पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत असंच मोजून पाहिलेलं होतं. २००७ साली छापलेला अभ्यास. दारं-खिडक्या उघडल्या की तासाला अठ्ठावीस वेळा खोलीतली हवा बदलत होती, यंत्रानं वारा खेळवलेल्या खोल्यांत बारा वेळा. १९५० च्या आधी बांधलेली उंच छताची, मोठ्या खिडक्यांची रुग्णालयं सगळ्यांत सरस ठरली होती. आपल्याकडचे जुने सरकारी दवाखाने डोळ्यांपुढे आणा: भोवती व्हरांडा, डोक्याच्या वर झरोके. ते बांधणाऱ्यांना काहीतरी कळत होतं, जे आम्ही पीओपीच्या छतामागे झाकून टाकलं.

२० मे २०२१ ला केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं पत्रक काढलं: बारीक कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारं-खिडक्या उघडा. कंपाउंडरनं ते मला वाचून दाखवलं, जरा ऐटीतच.

सलाईन बंद केल्याचं नुकसान झालं. खूप झालं. एक आजोबा तोंडावर म्हणाले, "सलाईन नाही तं कायचा डाक्टर?" आणि उठून गेले. काही कुटुंबं गेली ती परत आलीच नाहीत. ज्यांना खरंच लागते, त्यांना मी आजही लावतो, एका वेळी एकालाच, खिडकीखालच्या खाटेवर. बाकीच्यांना पुडी देतो, समजावत बसतो. समजावण्याचे पैसे कुणी देत नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. जागतिक आरोग्य संघटना म्हणाली म्हणून मी फसलो, हे मी लोकांना सांगत असे. पण हवेतून पसरणारा रोग मला नवा नव्हता. टीबी हवेतून पसरतो, हे मी कॉलेजात शिकलो, परीक्षेत लिहिलं, त्याचे गुण मिळवले. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक साधारण आपल्या देशात असतो, आणि महिनोन्महिने खोकणारा माणूस सरकारी दवाखान्याच्या आधी माझ्यासारख्याकडेच येतो. खोकल्याचं औषध नेतो, अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन लावून घेतो. दवाखान्यांतली हवा कशी राखावी, याची मार्गदर्शक पुस्तिका आरोग्य मंत्रालयानं २०१० सालीच काढली होती. मी खिडकी बंद केली ती त्यानंतर दोन वर्षांनी. कोरोनानं मला नवीन काही शिकवलं नाही. आठवण करून दिली, तीही मी स्वतः आजारी पडल्यावर. त्या नऊ वर्षांत त्या डब्यात शेजारी शेजारी कोण कोण झोपलं, त्यात पोरंबाळं किती, पोटुशा बाया किती, कुणाचा खोकला कुणाच्या घरी गेला, याची माझ्याकडे नोंद नाही. नोंदवही आहे ती फक्त बाटल्यांची.

आता साथ ओसरली. मास्क गेले, फोन लावताना वाजणारी ती खोकल्याची सूचना गेली, लोक पुन्हा म्हणतात, "साहेब, एसी बंद काहून हो?" मी सांगतो, बिघडला आहे. हे खोटं आहे, पण उदबत्तीची हकिगत प्रत्येकाला सांगायला वेळ नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याला मी मास्क देतो, कडुनिंबाखाली बसवतो आणि थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी आधी लिहितो, औषधाची नंतर.

सोयाबीनचे दिवस आले की खाटांवर पुन्हा भुशाचा थर बसतो. कंपाउंडर कुरकुरतो, मीही कुरकुरतो. मग फडकं घेऊन आम्ही दोघं पुसायला लागतो. धूळ निदान दिसते तरी.