तो शब्द मी परत घेतो

माझे लहानपण जुनी इंदूरमध्ये गेले. रेडिओवर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लागला की घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, असा आजोबांचा शिरस्ता होता. त्या शांततेत माझ्या मनात एक समजूत पक्की बसली. गंभीर गोष्ट गंभीर सुरातच सांगावी. पाय थिरकवणारे गाणे करमणुकीपुरते.

म्हणून दरवर्षी १४ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला, सरवटे बसस्थानकावर महूला जाणाऱ्यांची गर्दी उसळली आणि भीमगीतांवर माणसे रस्त्यातच नाचू लागली की मला राग येई. एवढ्या विद्वान माणसाची जयंती पुस्तके वाचून साजरी करावी, असे मी म्हणत असे. एकदा कचेरीत चारचौघांत, एका मित्रासमोर, मी या सगळ्याला ‘धांगडधिंगा’ म्हणालो. तो आंबेडकरी समाजातला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, “उद्या आईला घेऊन महूला जातोय. तुम्हीही चला.”

गेलो. त्याची आई मूळची खानदेशातली, अक्षरओळख नसलेली. बाबासाहेबांच्या जन्मस्थानापाशी बायकांच्या घोळक्यात ती टाळ्यांच्या ठेक्यावर गात होती. एका गाण्यात १९२७ चे महाडचे चवदार तळे होते, दुसऱ्यात १९५६ ची नागपूरची दीक्षा. ती गात होती, गिरकी घेत होती आणि एकही शब्द चुकत नव्हती. जे मी पुस्तकात वाचले होते, ते तिला चालीसकट पाठ होते. त्या दुपारी माझी जुनी समजूत गळून पडली.

मग मी शोधू लागलो. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गाजवले. तमाशाची ढोलकी त्यांनी ठेवली, तिच्यावरचा आशय बदलला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी लिहायला-वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. याला मी एकेकाळी उसनवारी म्हटले असते. आता त्यातले शहाणपण दिसते. चाल गिरणी कामगाराच्या ओठांवर आधीच असायची. नवे शब्द तिच्यावर बसले की न शिकलेल्या माणसापर्यंतही विचार पोचायचा.

नाचत्या चालीवर विचार पोचवणे तिकडे दक्षिण आफ्रिकेतही घडले. वर्णभेदी सरकारच्या काळात रेडिओवर गाणे लागण्याआधी त्याचे शब्द तपासले जात. १९८० च्या दशकात चिको ट्वाला या गायकाने ‘मनेलो’ नावाच्या कुणाची तरी आठवण काढणारे नाचाचे गाणे केले. ऐकणाऱ्यांना कळत होते की हा मनेलो म्हणजे तुरुंगातले मंडेला. ब्रेंडा फासी तर नाचाच्या गाण्यांचीच राणी. तिने ‘ब्लॅक प्रेसिडेंट’मध्ये मंडेलांवर उघडपणे गाणे गायले आणि त्यावर बंदी आली. ९ मे २००४ ला ब्रेंडा गेली, १५ मेला वामनदादा. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण ज्यांना मान वर करून चालू दिले जात नव्हते, अशा माणसांना दोघांनी नाचवले. अशा माणसाने भर रस्त्यात अंग मोकळे करून नाचणे, हाच मुळात निषेध असतो. मला तो तोवर दिसला नव्हता.

कानठळ्या बसवणारे भोंगे मला आजही नको वाटतात, मग मिरवणूक कुणाचीही असो. पण भोंगा आणि गाणे यांतला फरक मला करता आला नव्हता, कारण मी शब्द ऐकतच नव्हतो. खाँसाहेबांपुढे जसे कान देऊन बसायचो, तसे या गाण्यापुढे एकदाही बसलो नव्हतो.

महूहून परतताना बसमध्येच मी तो शब्द मित्रापाशी मागे घेतला. पण बोललो होतो चारचौघांत. म्हणून आज चारचौघांसमोर, लिहून, तो पुन्हा परत घेतो.